सारा उतार

गोकुळाच्या गुडघ्यांचे फोटो उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध चालणं. रोज. मात्र सपाटीवर, चढ-उतार नको." दिवाळी होऊन आठवडा झाला असेल.

चंद्रपुरात सपाटीवर चालायचं कुठे, हा मोठाच प्रश्न. रस्त्यांवर कोळशाचे ट्रक, आणि गावाबाहेर पडलं की वाघ. तुकूमच्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर झुडपी जंगल आहे, पण तिथे सकाळी फिरायला जाणाऱ्यांची नावं कधी पेपरात येतील याचा नेम नाही. म्हणून इरईच्या खोऱ्यात नवं उद्यान झालं तेव्हा निम्मं शहर तिकडे लोटलं. नदीकाठची लांब पट्टी, चारी बाजूंनी उंच जाळी, आत साग, ऐन, मोह, बांबू आणि तीन वाटा. लाल पाटीची वाट टेकडीवर जाते, पिवळ्या पाटीची नदीतल्या दगडांतून. हिरव्या पाटीवर लिहिलं होतं, 'सोपी वाट. १२०० मीटर. संपूर्ण सपाट. ज्येष्ठ नागरिकांसाठी.' ती फाटकापासून निघून नदीपर्यंत जायची आणि बांबूच्या बेटाला वळसा घालून पुन्हा फाटकाशीच यायची. सिमेंटचे गट्टू बसवलेले, दर दीडशे मीटरवर एक बाक.

मी केवळराम. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मोजणीचं काम केलं. मूल, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यातले कितीतरी जुने तलाव दुरुस्तीआधी मी मोजले आहेत. पाणी कुठून कुठे जाईल हे सांगणं एवढंच माझं काम होतं. जमिनीचा उतार ओळखण्यात माझा डोळा सहसा चुकत नाही, आणि ती वाट मला पहिल्या दिवशी सपाटच दिसली होती.

माझी बायको गोकुळा आरमोरीकडची, धानाच्या बांध्यांवरून पळत मोठी झालेली. तीस वर्षं अंगणवाडी चालवून ती निवृत्त झाली ती गुडघे घेऊनच. पहिल्या दिवशी ती प्रत्येक बाकावर बसेल अशी माझी अटकळ होती. ती एकाच बाकावर बसली, तीही चपलेतला खडा काढायला. फाटकाशी परतलो तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"अवो, इथी तं सारा उतारच हाये," ती म्हणाली.

मी हसलो. "जिथून निघालो तिथंच आलो ना आपण? मग सारा उतार कसा असंल? जेवढं उतरलो तेवढं चढलोच असू."

"काऊन हासता? मले कुठीच चढ लागला नाई. माह्या गुडघ्याले विचारा."

गुडघ्यांचा सवाल होता. मी वाद वाढवला नाही.

आम्ही रोज जाऊ लागलो. सहाला स्कूटर काढायची, साडेसहाला फाटक. तिकीट-खिडकीत सोनीबाई बसायच्या, गळ्यात मफलर आणि पुढ्यात चहाचा थर्मास. वाट झाडायला बुधरी नावाची एक बाई होती, जवळच्याच पाड्यावरची. ती झाडत झाडत नेहमी आमच्या समोरून यायची. सगळे जायचे त्याच्या उलट. वाऱ्यामुळे तसं सोयीचं पडत असेल असं मला वाटायचं.

पंधरा दिवसांत गोकुळा एकाऐवजी दोन फेरे मारू लागली. मी एकच फेरा करून फाटकाजवळच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बूट आखूड असेल म्हणून मी नवा घेतला, एक नंबर मोठा. नखं काळीच राहिली. तलावाच्या बांधाची पाळ दिवसभर उतरावी लागली की बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला जाऊन आदळतात, तेव्हा नखांचं असं होतं. हे मला माहीत होतं. पण मी त्यावर फारसा विचार केला नाही.

डिसेंबरात एकदा गोकुळाच्या हातून पाण्याची बाटली निसटली. पाणी गट्टूंवर सांडलं आणि आमच्या जाण्याच्या दिशेने, पुढे ओघळलं. पुढच्या बाकाशी मी मुद्दाम थोडं ओतलं. तेही पुढेच गेलं. सातही बाकांशी मी पाणी ओतून पाहिलं. शेवटचं पाणी मी फाटक वीस पावलांवर असताना ओतलं, आणि त्याची ओली जीभ फाटकाकडे सरकत गेली.

"काय करून राह्यले?" गोकुळाने विचारलं.

"काई नाई. गट्टू नीट नाहीत बसवलेले."

"बसवले तसे बसवले. छान वाटते बापा चालाले."

छान सगळ्यांनाच वाटत होतं. दम लागत नाही, थंडीतही पाय मोकळे होतात, असं जो तो सांगायचा. अश्वजित मास्तर म्हणून एक निवृत्त हेडमास्तर रोज चार फेरे मारायचे आणि जाता जाता आम्हाला हात करायचे. संक्रांतीच्या सुमारास ते यायचे थांबले. सोनीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बरे हायेत म्हनते. दुखनं काईच नाई. फक्त पलंगावरून उठून दारापर्यंत येनं होत नाई त्याइच्यानं."

त्याच आठवड्यात गोकुळाने भाजीबाजारातून परत येताना मध्येच पिशवी खाली ठेवली. आमची गल्ली तळहातासारखी सपाट आहे.

"ह्या रस्त्याले चढ काढला काय?" ती धापा टाकत म्हणाली.

मी पिशवी घेतली. ती पुढे वाकून चालत होती, डोक्यावर भारा घेऊन घाट चढणारं माणूस चालतं तशी. घरात स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायचं तर भिंतीला हात लावू लागली. आधी उशी भिंतीकडे असायची, आता पायथ्याकडे डोकं करून झोपू लागली. तसंच बरं वाटतं म्हणाली.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, इको केला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. "वयाप्रमाणे चाललंय काका," ते म्हणाले. "फिरणं मात्र बंद करू नका. त्याचा उपयोग होतोय."

तो होतही होता. वाटेवर पाय ठेवला की गोकुळाचा दम जायचा, पाठ सरळ व्हायची. तीन फेरे, कधी चार. "इथी मले ईस वर्साच्या पोरीवानी वाटते," ती म्हणायची. आणि फाटकाबाहेर स्कूटरपर्यंतची तीस पावलं चालताना माझा खांदा धरायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मी लच्छूला फोन केला. लच्छू माझा खलाशी होता. मी यंत्रातून बघायचो आणि तो समोर उंच मोजपट्टी धरून उभा राहायचा. पंचवीस वर्षं. आता मूलजवळच्या त्याच्या गावी तलावात जाळं टाकतो. ओळखीच्या एका ठेकेदाराकडून मी यंत्र मागून आणलं. सोनीबाईंना सांगितलं, गट्टूंचं काम तपासतोय.

फाटकाच्या ओट्यात एक लोखंडी खिळा ठोकलेला होता. त्याची उंची मी शंभर मीटर धरली. मोजणीचा नियम साधा आहे. टप्प्याटप्प्याने मोजत गेलात आणि वळसा घालून त्याच खिळ्यावर आलात, तर आकडा शंभरच यायला हवा. एवढ्या अंतरात सेंटीमीटरभर चूक माफ असते.

आकडा आला नव्व्याण्णव पूर्णांक एकोणनव्वद. अकरा सेंटीमीटर कमी.

मी तीनदा बेरीज केली. मग आम्ही अख्खा फेरा पुन्हा मोजला. पुन्हा अकरा कमी.

लच्छू खिळ्याजवळ उकिडवा बसला. त्याने खिळा बोटांनी हलवून पाहिला. "साहेब, खिळा हाच व्हता ना?"

"हाच."

"मंग आपुन खाली आलो."

"खाली कसे येऊ, लच्छू? तोच खिळा आहे."

बुधरी झाडत झाडत नदीकडच्या बाजूने जवळ येत होती, तिच्याकडे तो बघत राहिला. मग उठून तिच्यापाशी गेला. दोघं थोडा वेळ बोलले. झाडू काखेत धरून बुधरीने हाताने एक गोल काढून दाखवला, उलटा. लच्छू परत आला आणि म्हणाला, "साहेब, आता उल्टं मोजू."

उलटं मोजताना दर बाकाशी आम्हाला टेकावं लागलं. लच्छू तलावाचा माणूस, पोटऱ्या दगडासारख्या, पण त्याच्याही मानेवरून घाम ओघळत होता. आकडा आला शंभर पूर्णांक अकरा.

मी यंत्र पेटीत भरलं. लच्छूने मोजपट्टी दुमडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एक राह्यला, साहेब. दोन सुलटे झाले, उल्टा एकच झाला." आणि तो एकटाच उलट्या दिशेने पुन्हा निघाला. तो येईपर्यंत मी बसून राहिलो. आल्यावर त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. मोटारसायकलला टांग मारताना एवढंच बोलला, "बाईले नोका आनू इथी."

घरी येऊन मी कॅलेंडर पुढे घेतलं. साडेतीन महिने, गैरहजेरीचे दिवस वगळून, आधी एक, मग दोन, तीन, चार फेरे. जवळपास अडीचशे. गुणिले अकरा सेंटीमीटर. सत्तावीस मीटर. आमच्या भागातली सगळ्यात उंच इमारत आठ मजली आहे, जवळपास तेवढीच. गोकुळा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दारातून मला तिची पाठ दिसत होती, पाच पावलांवर. त्या पाच पावलांकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

माझे स्वतःचे शंभरेक फेरे झाले होते. ते मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिला उलट्या दिशेने नेलं. काय सांगितलं ते आठवत नाही, डॉक्टरांचं नाव घेतलं असणार. पहिल्या बाकाशी पोचायच्या आतच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा पहाड हाये वो," ती म्हणाली. "कुठी चढवून राह्यले मले?"

समोरून सकाळचे लोक मजेत येत होते. कुणी रामराम केला, कुणी जय भीम घातला. ती जाळीला धरून उभी होती. तो एक फेरा पुरा व्हायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. असे चार दिवस आम्ही चार फेरे केले. चव्वेचाळीस सेंटीमीटर. पाचव्या दिवशी तिने पाय खाली टेकवायला नकार दिला. रात्रभर तिच्या पोटऱ्या मी चोळत होतो.

"मले सुलटं जाऊ द्या नाईतर घरीच राहू द्या," ती म्हणाली. "मले तुमचा हिसोब नाई समजत. मले फक्त दम लागते."

मग मी तिला घरीच ठेवलं. दामिनीला, आमच्या मुलीला, नागपूरला फोन करून बोलावलं. ती रविवारी येणार होती.

शुक्रवारी मी अंघोळीला गेलो आणि बाहेर आलो तेव्हा घराचं दार उघडं होतं. शेजारच्यांनी सांगितलं, काकू ऑटोत बसून गेल्या, पाऊण तास झाला असेल. पाऊण तास मी अंघोळ करत नव्हतो. पण घड्याळ तेच सांगत होतं.

उद्यानाच्या खिडकीतून सोनीबाई म्हणाल्या, "बाई तं सहालेच आल्या. पाच फेरे झाले त्याइचे. लय जोरात चालून राह्यल्या बापा, गुडघे बरे झाले वाटते."

सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मोहाची फुलं पडायला लागली होती, सगळीकडे तो गोडसर आंबूस वास. मी ओट्याजवळ उभा राहिलो. बांबूच्या वळणावरून गोकुळा आली.

ती मागे रेलून चालत होती. दोन्ही हात पसरलेले, टाचा आपटत, नदीची उभी दरड घागर घेऊन उतरावी तशी. तिच्या आजूबाजूला लोक सरळ उभे, गप्पा मारत चालले होते. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं ओशाळलेपण होतं. आपल्या थांब्यावर बस न थांबता पुढे गेली की माणसाचा चेहरा होतो, तसा.

"थांबता येऊन नाई राह्यलं वो," ती म्हणाली आणि माझ्यासमोरून निघून गेली.

मी मागे धावलो. गाठू शकलो नाही. मग वळलो आणि उलट्या बाजूने निघालो, समोरून गाठायला. दुसऱ्या बाकाशी माझी छाती फुटायला आली. तिथेच थांबलो. डावा हात बाकाच्या लोखंडी दांड्यात अडकवला.

ती आली. मी उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं.

ती माझ्यासमोर उभी होती, हातभर अंतरावर, तिचे पाय गट्टूंवर टेकलेले. पण माझा हात खाली ओढला जात होता. विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाला काठावरून धरावं तसा. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं.

तिने वर पाहिलं. आमची उंची सारखी आहे, तरी तिने मान उचलून, खूप वर पाहिलं.

"सोडू नोका," ती म्हणाली. आवाज लांबून आला.

बाकाचा दांडा माझ्या कोपरात रुतत होता. माझे बूट गट्टूंवरून घसरू लागले होते. मला माझे शंभर फेरे आठवले.

पोलिसांच्या जबाबात 'हात सुटला' असं लिहिलं आहे. दामिनीलाही मी तेच सांगितलं. मी हात सोडला.

ती पुढे गेली. साग संपतो तिथे वाट वळते. तिथे तिच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला.

मी उभा राहिलो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. फाटकाकडून फिरायला आलेले लोक माझ्यासमोरून गेले, वळसा घालून पुन्हा आले. मी प्रत्येकाला विचारलं. कुणीही तिला पाहिलं नव्हतं.

आठ दिवस शोध झाला. जाळी कुठेही तुटलेली नव्हती. नदीला मार्चात गुडघाभर पाणी असतं, तरी लच्छू त्याच्या गावचे चार जण घेऊन आला आणि त्यांनी डोह चाळून काढले. वनखात्याचे लोक वाघाचे पंजे शोधत फिरले. काही मिळालं नाही. उद्यान पंधरा दिवस बंद ठेवून पुन्हा उघडलं. दामिनी महिनाभर राहिली. माझ्या खांद्याला पट्टा होता, मला भरवून, औषधं लावून देऊन ती गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तिकडे जाऊ नका."

मी जातो. चालत नाही. फाटकातून उलट्या बाजूने दुसऱ्या बाकापर्यंत चढतो आणि तिथे बसतो.

मे महिन्यात आठ वाजताच ऊन चटके देऊ लागतं आणि वाट रिकामी होते. अशाच एका सकाळी, नऊच्या सुमारास, मला चालण्याचा आवाज आला. वाटेवर कुणी नव्हतं. मी चपला काढल्या. तळव्यांना बारीक हादरा लागत होता. गुडघ्यांवर बसून मी सावलीतल्या गट्टूला कान लावला.

खालून कुणीतरी चालत होतं. चपलेचा फटका, मग श्वास, मग पुन्हा फटका. ही चाल मी चाळीस वर्षं ऐकली आहे. आवाज बरोबर माझ्या बाकाखालून गेला, आणि बांबूच्या बेटाकडे गेला. लोक जातात त्याच्या उलट.

ती चढत होती.

मी घड्याळ लावून बसलो. तीन तासांनी ती पुन्हा बाकाखाली आली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊनच गेलो. त्या दिवशी तिला पावणेतीन तास लागले. आता अडीच लागतात. खालच्या आवाजाची खोली मला मोजता येत नाही, पण पहिल्यापेक्षा तो स्पष्ट आहे, आणि या गतीने कधी ना कधी ती वर पोचेल. मी कुणाला बोललेलो नाही. बाकाखाली तोंड नेऊन मी हळूच म्हणतो, "ये. घाई नको करू. मी हाये इथंच."

ती बाकाखाली आली की दम खायला थांबते. तेव्हा सगळं शांत होतं, आणि मी कान आणखी घट्ट लावतो.

गेल्या सोमवारपासून असं होतं आहे. ती थांबली की तिच्या मागे एक पाऊल जास्तीचं पडतं, जड, आणि मग तेही थांबतं.